हृदयविकाराच्या झटक्यानंतर हृदयस्नायूचे रक्षण आणि प्रथिने न घडवणारे आरएनए

स्पंदनवेध (धागाकर्ता)

करोनरी धमनीत गुठळी अडकून हृदयस्नायूचा रक्तपुरवठा थांबला, की नुकसान एका क्षणात होत नाही. ते टप्प्याटप्प्याने होत जाते. रायमर आणि जेनिंग्ज यांनी १९७७ मध्ये कुत्र्यांच्या हृदयांवरील प्रयोगांतून दाखवून दिले, की पेशी मरण्याची लाट स्नायूच्या आतल्या थरापासून निघते आणि काही तासांत बाहेरच्या थराकडे सरकते. गुठळी जितक्या लवकर दूर होईल तितका स्नायू वाचतो, याचे कारण हेच आहे. परंतु रक्तप्रवाह पुन्हा सुरू झाला म्हणजे सगळे संपले असे होत नाही. अचानक आलेल्या प्राणवायूमुळे मायटोकॉन्ड्रियामध्ये, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रांत, घातक ऑक्सिजन रेणूंचा लोंढा उसळतो, पेशीत कॅल्शियम साठते, मायटोकॉन्ड्रियाच्या पटलातील छिद्रे उघडतात आणि तोवर तग धरून राहिलेल्या काही पेशी या धक्क्याने मरतात. पुढच्या दिवसांत दाह येतो, मृत पेशींची सफाई होते, कोलॅजन या तंतुमय प्रथिनाचा वण धरतो. आणि त्यानंतरच्या महिन्यांत उरलेल्या स्नायूवरील ताण वाढत जाऊन डावी जवनिका, म्हणजे शरीरभर रक्त ढकलणारा हृदयाचा कप्पा, हळूहळू फुगू लागते.

मरण पावलेल्या पेशींची जागा नव्या पेशी घेत नाहीत, ही यातली सर्वांत मोठी अडचण आहे. अणुचाचण्यांमुळे वातावरणात वाढलेल्या किरणोत्सर्गी कार्बनचा माग काढून २००९ मध्ये मोजले गेले, की पंचविशीतल्या माणसाच्या हृदयात वर्षाला सुमारे १ टक्का स्नायूपेशी नव्या होतात आणि पंच्याहत्तरीत हे प्रमाण ०.४५ टक्क्यांवर येते. मोठ्या झटक्यात अब्जाच्या घरात पेशी नष्ट होऊ शकतात, त्यापुढे ही भर नगण्य आहे. म्हणूनच ज्या पेशी अजून वाचू शकतात त्यांना वाचवणे, हा या विषयाचा गाभा आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आपल्या जनुकसंचाचा जेमतेम दोन टक्के भाग प्रथिने घडवण्याची माहिती बाळगतो, मात्र त्यापलीकडच्या फार मोठ्या भागापासूनही आरएनएच्या प्रती निघत असतात. या प्रतींपैकी अनेकांचे काम इतर जनुकांवर नियंत्रण ठेवण्याचे असते. हृदयाच्या संदर्भात त्यांचे तीन गट महत्त्वाचे आहेत. पहिला गट मायक्रोआरएनएचा. त्यांची लांबी साधारण २२ न्यूक्लिओटाइड (आरएनएच्या साखळीतील कड्या) असते आणि ते संदेशवाहक आरएनएला, म्हणजे प्रथिन घडवण्याची माहिती वाहून नेणाऱ्या प्रतीला, चिकटून त्यापासून होणारी प्रथिननिर्मिती घटवतात. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुवकुन यांच्या प्रयोगशाळांनी १९९३ मध्ये एका सूक्ष्म गोलकृमीत त्यांचा शोध लावला आणि २०२४ मध्ये या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरा गट २०० न्यूक्लिओटाइडपेक्षा लांब आरएनएचा, तर तिसरा वर्तुळाकार आरएनएचा. या वर्तुळांना मोकळी टोके नसल्यामुळे टोकाकडून आरएनए कुरतडणारी विकरे त्यांना हात लावू शकत नाहीत, आणि त्यामुळे ती पेशीत बराच काळ टिकतात.

झटक्यानंतर यांतील कित्येक रेणूंचे प्रमाण बदलते. मायक्रोआरएनएसाठी पुढे 'मिर' असे लिहितो. मिर-१५ कुटुंबाचे सदस्य रक्तपुरवठा तुटलेल्या भागात वाढतात आणि पेशीमृत्यूला हातभार लावतात. २०१२ मधील प्रयोगांत त्यांना रोखल्यावर उंदरांच्या हृदयातील मृत भागाचा आकार घटला. मिर-३४ए वयाबरोबर वाढते, आणि त्याला अडवल्यास झटक्यानंतर कमी पेशी मरतात, असे २०१३ मध्ये दिसले. याउलट मिर-२९ कोलॅजनच्या निर्मितीवर लगाम ठेवते. झटक्यानंतर वणाच्या कडेच्या भागात ते कमी होते आणि लगाम सुटल्यामुळे तंतूंचे जाळे वाढते. मिर-१ वाढले तर पेशींमधील विद्युतसंदेश जोडणारे कनेक्सिन-४३ घटते आणि ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका वाढतो, हे २००७ मध्ये उंदरांमध्ये दाखवले गेले.

हे सगळे वाचताना 'अमुक रेणू चांगला, तमुक वाईट' अशी यादी करण्याचा मोह होतो. माझे मत असे आहे, की ही यादी करताच येणार नाही, कारण एकच रेणू कोणत्या पेशीत आहे आणि झटक्यानंतर किती काळ लोटला आहे यावर त्याचा परिणाम ठरतो. उपचाराची खरी अडचण रेणू शोधण्यात राहिलेली नाही; तो योग्य पेशीत, योग्य वेळी आणि योग्य मुदतीपुरता बदलण्यात आहे. या मताच्या बाजूने आणि विरोधातही चर्चा व्हावी, म्हणून हा धागा काढला आहे.

निरभ्र

अतिशय आवश्यक विषयावर लिहिल्याबद्दल धन्यवाद. माझ्या वडिलांना काही महिन्यांपूर्वी झटका येऊन गेला, त्यामुळे हा लेख मी दोनदा वाचला. माझे दोन प्रश्न आहेत. मायक्रोआरएनएवर आधारित असे एखादे औषध आज रुग्णांना मिळते का? आणि कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी वर्षातून दोनदा द्यावयाचे एक आरएनए-इंजेक्शन निघाले आहे असे वाचले होते, ते याच प्रकारातले आहे का?

औदुंबर

निरभ्र, आधी वडिलांच्या प्रकृतीसाठी मनापासून शुभेच्छा.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे, की झटक्यानंतर हृदयस्नायू वाचवण्यासाठी मायक्रोआरएनए वाढवणारे किंवा रोखणारे कोणतेही औषध आज नेहमीच्या उपचारात नाही. वडिलांना जी औषधे सुरू असतील, म्हणजे रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, स्टॅटिन, आणि गरजेनुसार बीटा-ब्लॉकर किंवा जवनिकेचा फुगवटा रोखणारी औषधे, त्यांचा लाभ हजारो रुग्णांवरील चाचण्यांत सिद्ध झालेला आहे. ती आपल्या मनाने थांबवू नयेत. या धाग्यावरील चर्चा पुढच्या काळासाठी आहे.

तुम्ही वाचलेले इंजेक्शन इन्क्लिसिरॅन असावे. युरोपात त्याला डिसेंबर २०२० मध्ये आणि अमेरिकेत डिसेंबर २०२१ मध्ये मान्यता मिळाली. ते आरएनएच आहे, पण शरीराचा स्वतःचा मायक्रोआरएनए नव्हे. प्रयोगशाळेत घडवलेला, दोन धाग्यांचा, छोटा आरएनए आहे. यकृतातील पीसीएसके-९ या प्रथिनाचा संदेशवाहक आरएनए तो नष्ट करवतो आणि त्यामुळे रक्तातील एलडीएल, म्हणजे अपायकारक कोलेस्टेरॉल, उतरते. त्याला एक विशिष्ट शर्करा जोडलेली असते आणि यकृताच्या पेशींवरील ग्राहक प्रथिन ती शर्करा ओळखून संपूर्ण रेणू आत ओढून घेते. यकृतासाठी ही पत्त्याची चिठ्ठी सापडली म्हणून ते औषध यशस्वी झाले. हृदयस्नायूसाठी तितकी खात्रीची चिठ्ठी अजून हाती आलेली नाही. शिरेतून दिलेला बराचसा आरएनए यकृत आणि मूत्रपिंडेच अडवून ठेवतात.

सूक्ष्मदर्शी

स्पंदनवेध यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी मी पूर्णपणे सहमत आहे. त्याला मिर-२१ इतके चांगले उदाहरण दुसरे नाही, म्हणून ते जरा विस्ताराने मांडते.

२००८ मध्ये थुम आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की दुर्बल होत चाललेल्या हृदयात मिर-२१ प्रामुख्याने फायब्रोब्लास्ट म्हणजे तंतू निर्माण करणाऱ्या पेशींमध्ये वाढते. तिथे ते स्प्राउटी-१ या प्रथिनाला दाबते, त्यामुळे फायब्रोब्लास्ट अधिक काळ जगतात आणि अधिक तंतू तयार करतात. उंदरांना मिर-२१ रोखणारा रेणू दिल्यावर तंतूंचे जाळे कमी झाले. म्हणजे इथे मिर-२१ अपाय करते. पण लगेच पुढच्या वर्षी आलेल्या कामात असे दिसले, की रक्तपुरवठा तुटलेल्या स्नायूपेशींमध्ये हेच मिर-२१ पीडीसीडी-४ या पेशीमृत्यू घडवणाऱ्या प्रथिनाला दाबून पेशीला वाचवते. म्हणजे इथे ते रक्षण करते. दोन्ही निरीक्षणे एकाच अवयवातली आहेत, केवळ पेशी वेगळ्या आहेत.

यानंतर २०१० मध्ये आणखी गुंता वाढला. दुसऱ्या एका गटाने मिर-२१ चे जनुकच काढून टाकलेले उंदीर तयार केले, आणि ताण दिल्यावर त्यांच्या हृदयात इतर उंदरांइतकेच तंतू निर्माण झाले. त्याच गटाने मिर-२१ रोखणारा केवळ आठ न्यूक्लिओटाइडचा एक छोटा रेणूही वापरून पाहिला आणि त्याचाही लाभ दिसला नाही. यावर बराच वाद झाला. रोखणाऱ्या रेणूची लांबी आणि रासायनिक घडण वेगळी असेल तर परिणाम वेगळा येतो, असे एक स्पष्टीकरण दिले गेले. जन्मापासूनच एखादे जनुक नसेल तर शरीर दुसऱ्या वाटेने भरपाई करून घेते, असे दुसरे. मला दोन्ही स्पष्टीकरणांत तथ्य वाटते. पुढे २०२० मध्ये डुकरांच्या हृदयाचा रक्तपुरवठा रोखून पुन्हा सुरू केल्यानंतर मिर-२१ अडवले गेले, तेव्हा तंतूंचे प्रमाण घटले आणि हृदयाचे काम सुधारले. त्या प्रयोगात औषध रक्तप्रवाह सुरू होतानाच्या क्षणी न देता काही दिवसांनी दिले होते, म्हणजे स्नायूपेशींना मिर-२१ ची गरज असण्याचा काळ उलटून गेल्यावर आणि फायब्रोब्लास्ट जोमात असताना. वेळेचा मुद्दा याहून स्पष्ट होणार नाही.

एक बाब प्रयोगशाळेतल्या रोजच्या कामाची. झटक्याचे निदान रक्तातील मायक्रोआरएनएवरून करता येईल का, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, कारण मिर-२०८ए जवळजवळ केवळ हृदयस्नायूतच असते आणि पेशी फुटल्यावर ते रक्तात उतरते. परंतु नमुना हातात आल्यावर अडचणी सुरू होतात. झटका आलेल्या रुग्णाला बहुधा रक्त घेण्याआधीच हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारे औषध दिलेले असते, आणि ज्या विकरांच्या साहाय्याने आम्ही आरएनएच्या प्रती वाढवून मोजतो त्यांनाच हेपॅरिन अडथळा करते. ते निष्प्रभ करण्यासाठी हेपॅरिन तोडणारे हेपॅरिनेज हे विकर वापरावे लागते. रक्त काढताना सुई नीट बसली नाही आणि तांबड्या पेशी फुटल्या, तर वेगळा केलेला द्राव पिवळसर न राहता गुलाबी दिसतो. तशा नमुन्यात मिर-४५१ आणि मिर-१६ इतके वाढलेले सापडतात की बाकीच्या आकड्यांवर विश्वास ठेवता येत नाही, कारण हे दोन्ही तांबड्या पेशींत मुबलक असतात. मी अशी नळी बाजूलाच ठेवते. समोर ट्रोपोनिन या हृदयस्नायूतील प्रथिनाची उच्च संवेदनशीलतेची चाचणी असताना, आणि तिचा निकाल लवकर हाती येत असताना, निदानासाठी मायक्रोआरएनए तिची जागा घेईल असे मला वाटत नाही. कोणाचे हृदय पुढे दुर्बल होईल याचा अंदाज बांधण्यासाठी मात्र त्यांचा उपयोग होऊ शकेल.

कार्यकारण

चर्चा उत्तम चालली आहे, पण दोन आक्षेप नोंदवतो.

पहिला आक्षेप वर्तुळाकार आरएनएबद्दलच्या दाव्यांविषयी आहे. हृदयावरील शोधनिबंधांत एक साचा वारंवार दिसतो: एक वर्तुळाकार आरएनए सापडतो, तो अमुक मायक्रोआरएनएला स्पंजासारखा शोषून घेतो, त्यामुळे तमुक प्रथिन वाढते आणि पेशी वाचते किंवा मरते. या कल्पनेचा पाया २०१३ मधील सीडीआर-१-एएस या वर्तुळावरच्या कामात आहे, आणि तिथे तो भक्कम आहे, कारण त्या एका वर्तुळावर मिर-७ चिकटण्याच्या सत्तरहून अधिक जागा आहेत. पण ते उदाहरण अपवादात्मक आहे. बहुसंख्य वर्तुळांवर एखाद्या मायक्रोआरएनएसाठी एक-दोनच जागा असतात आणि पेशीत त्यांच्या प्रतीही थोड्या असतात. ज्या मायक्रोआरएनएच्या पेशीत हजारो प्रती आहेत, शिवाय ज्याला चिकटायला इतर शेकडो संदेशवाहक आरएनएवर जागा उपलब्ध आहेत, त्याच्यावर अशा वर्तुळाने कितीसा फरक पडणार? प्रतींची संख्या प्रत्यक्ष मोजून आणि चिकटण्याची जागा बदलून पाहिल्याशिवाय स्पंजाचा दावा स्वीकारू नये. कृत्रिमरीत्या शंभरपट वाढवलेल्या आरएनएने जे घडते, ते निसर्गतः घडतेच असे नाही.

दुसरा आक्षेप अधिक व्यापक आहे. हृदयरक्षणाच्या क्षेत्रात प्राण्यांतील यश माणसात उतरत नाही, याचा अनुभव जुना आहे. १९८६ मध्ये मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी कुत्र्यांची धमनी पाच-पाच मिनिटांसाठी चार वेळा बंद-चालू केली आणि मग ४० मिनिटे बंद ठेवली. पूर्वतयारी मिळालेल्या हृदयांतील मृत भाग इतर हृदयांच्या सुमारे एक चतुर्थांशच भरला. इतका मोठा परिणाम आजही क्वचित दिसतो. त्यावरून प्रेरणा घेऊन पुढे कितीतरी उपाय आले. मायटोकॉन्ड्रियाची छिद्रे बंद ठेवणारे सायक्लोस्पोरिन २०१५ मधील मोठ्या चाचणीत निष्प्रभ ठरले. दंडावरचा पट्टा फुगवून-सोडून दुरून हृदयाचे रक्षण करण्याची पद्धत २०१९ मध्ये पाच हजारांहून अधिक रुग्णांवर तपासली गेली, तीही लाभ देऊ शकली नाही. मग आरएनए याला अपवाद ठरेल असे का मानावे?

स्पंदनवेध

कार्यकारण, दोन्ही आक्षेप रास्त आहेत.

स्पंजाबद्दल माझे मत तुमच्याहून वेगळे नाही. ज्या वर्तुळांचा परिणाम केवळ ती वाढवून नव्हे, तर ती काढूनही दिसला आहे, त्यांनाच मी गंभीरपणे घेतो. शिवाय वर्तुळे प्रथिनांनाही बांधून ठेवतात आणि तो मार्ग मला काही बाबतींत अधिक पटण्याजोगा वाटतो, कारण तिथे प्रतींच्या संख्येचे गणित निराळे असते.

लांब आरएनएच्या बाबतीत मात्र माझी चिंता वेगळी आहे. त्यांचे काम समजून घेण्याची सुंदर उदाहरणे आहेत. २०१४ मध्ये वर्णन झालेला 'एमएचआरटी' हा उंदरातील आरएनए बीआरजी-१ या प्रथिनाला डीएनएपर्यंत पोचूच देत नाही, आणि ताणाखालच्या हृदयात त्याचे प्रमाण टिकवले तर हृदय दुर्बल होत नाही. परंतु मायक्रोआरएनएचा अनुक्रम उंदीर आणि माणूस यांत बहुधा सारखाच असतो, तसे लांब आरएनएचे नाही. उंदरात सापडलेल्या कित्येक लांब आरएनएचे मानवी प्रतिरूप सापडत नाही, किंवा जनुकसंचातील जागा जुळते पण अनुक्रम जुळत नाही. त्यामुळे उंदराकडून माणसाकडे येण्याची नेहमीची वाट इथे अरुंद आहे, आणि मानवी हृदयाच्या उतींवर किंवा मूलपेशींपासून घडवलेल्या मानवी हृदयपेशींवर सुरुवातीपासूनच काम करावे लागते. फायब्रोब्लास्टवर परिणाम करणारा 'विस्पर' हा लांब आरएनए २०१७ मध्ये उंदरांत सापडला, तेव्हा त्याचे मानवी प्रतिरूपही त्याच कामात दाखवले गेले. तशी कामे मला अधिक विश्वासार्ह वाटतात.

दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर पूर्ण देता येणार नाही, पण एक फरक नोंदवावासा वाटतो. सायक्लोस्पोरिन किंवा दंडावरचा पट्टा यांचा सगळा भर रक्तप्रवाह सुरू होतानाच्या काही मिनिटांवर होता. ती खिडकी अत्यंत लहान आहे आणि रुग्ण उपचाराला पोचेपर्यंत किती स्नायू आधीच गेला आहे, हे प्रत्येकाचे वेगळे असते. प्राण्यांवरील प्रयोगात वेळ ठरवून घेतलेली असते, प्राणी तरुण आणि निरोगी असतात. रुग्ण वयस्कर असतात, त्यांना मधुमेह असतो, ते आधीच अनेक औषधे घेत असतात. आरएनएवरील उपचारांपैकी जे वण, तंतू आणि जवनिकेचा फुगवटा यांना लक्ष्य करतात, त्यांची खिडकी दिवसांची आणि आठवड्यांची आहे. म्हणून मला पेशीमृत्यू रोखणाऱ्या उपचारांपेक्षा या दुसऱ्या प्रकाराबद्दल अधिक आशा वाटते.

ऋतुचक्र

मी विज्ञानाची पदवीधर आहे, पण जीवशास्त्र माझा विषय नाही. एक विचारते: पेशी वाचवण्याऐवजी नव्या पेशी निर्माण करता येणार नाहीत का? नवजात उंदराचे हृदय कापलेला भाग पुन्हा भरून काढते असे ऐकले आहे. त्यातही या आरएनएचा भाग असतो का?

सूक्ष्मदर्शी

ऋतुचक्र, तुम्ही ऐकले ते बरोबर आहे. २०११ मधील प्रयोगात जन्मल्यानंतर पहिल्या दिवशी हृदयाचे टोक कापले तर उंदराने ते भरून काढले. सातव्या दिवसापर्यंत ही क्षमता नाहीशी झालेली होती. या काळात मिर-१५ कुटुंब वाढते आणि स्नायूपेशींचे विभाजन थांबवण्यात भाग घेते. ते कुटुंब दाबून ठेवले, तर विभाजनाची क्षमता थोडी अधिक काळ टिकते.

याहून धीट प्रयत्न इटलीतील त्रिएस्ते येथे माउरो जाक्का यांच्या गटाने केला. त्यांनी २०१२ मध्ये ८७५ मानवी मायक्रोआरएनए एकेक करून उंदीरवर्गीय नवजात प्राण्यांच्या हृदयपेशींत घातले आणि कोणते विभाजनाला चालना देतात ते पाहिले. त्यांतून मिर-१९९ए आणि मिर-५९० पुढे आले. उंदरांना झटक्यानंतर ते दिल्यावर हृदयाचे काम जवळजवळ पूर्ववत झाले. स्वाभाविकच सगळ्यांचे लक्ष पुढच्या पायरीकडे, म्हणजे डुकरांवरील प्रयोगाकडे लागले, कारण डुकराचे हृदय आकाराने आणि रचनेने आपल्या हृदयाच्या जवळ आहे.

२०१९ मध्ये तो निकाल आला. विषाणूच्या वाहकातून मिर-१९९ए हृदयस्नायूत पोचवल्यावर महिन्याभरात वण लहान झाला, स्नायू वाढला आणि आकुंचन सुधारले. पण विषाणूवाहक ते मायक्रोआरएनए थांबण्याची सोय न ठेवता तयार करत राहिला, आणि उपचार मिळालेल्या बहुतेक डुकरांचा पुढे हृदयाची लय बिघडून अचानक मृत्यू झाला. त्यांच्या हृदयात अपरिपक्व, विभाजन पावत राहणाऱ्या पेशींचे पुंजके आढळले. हे पुंजके विद्युतसंदेशाच्या वाटेत आले असावेत. संशोधकांनी हे मृत्यू त्याच शोधनिबंधात स्पष्टपणे मांडले, याबद्दल मला त्यांच्याविषयी मोठा आदर वाटतो. त्या एका प्रयोगाने पुढच्या सगळ्यांना मुदतीचे महत्त्व शिकवले. विषाणूवाहकाऐवजी कृत्रिम मायक्रोआरएनए मेदाच्या आवरणात घालून एकदाच टोचला, तर तो काही दिवसांत संपतो. उंदरांमध्ये तेवढ्यानेही लाभ झाला आहे.

औदुंबर

कार्यकारण यांनी माणसांवरील पुराव्याचा प्रश्न उपस्थित केला आहे, म्हणून जे झाले आहे ते सांगतो. मिर-१३२ हे स्नायूपेशींना फुगवते आणि पेशीतील टाकाऊ भागांची विल्हेवाट मंदावते, असे २०१२ पासून माहीत आहे. ते रोखणारा 'सीडीआर-१३२-एल' हा रेणू जर्मनीत विकसित झाला. डुकरांमध्ये झटक्यानंतर त्याचा लाभ दिसल्यावर तो पहिल्यांदा माणसांना दिला गेला आणि त्याचा निकाल २०२१ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. सहभागी २८ होते, सगळ्यांना रक्तपुरवठा कमी पडल्यामुळे आलेले जुने हृदयदौर्बल्य होते, आणि दोन इंजेक्शने चार आठवड्यांच्या अंतराने शिरेतून दिली गेली. रक्तातील मिर-१३२ अपेक्षेप्रमाणे उतरले आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने चिंताजनक काही आढळले नाही. २८ जणांच्या चाचणीतून उपचाराचा लाभ ठरत नाही, ती त्यासाठी रचलेलीही नव्हती. त्यानंतरची चाचणी झटका येऊन जवनिकेचे काम घटलेल्या रुग्णांसाठी आखली गेली.

सुरक्षिततेकडे दुर्लक्ष करता येत नाही याचे उदाहरण कर्करोगाच्या क्षेत्रात आहे. मिर-३४ए कर्करोगाच्या पेशींना रोखते, म्हणून त्याची कृत्रिम प्रत मेदाच्या आवरणातून रुग्णांना दिली गेली. रोगप्रतिकार यंत्रणेशी निगडित गंभीर दुष्परिणामांमुळे ती चाचणी २०१६ मध्ये थांबवावी लागली. हृदयासाठी आपल्याला हेच मिर-३४ए कमी करायचे आहे, आणि कर्करोगतज्ज्ञांना ते वाढवायचे होते. म्हणून हृदयासाठी ते दीर्घकाळ दाबून ठेवण्याचा विचार करणाऱ्याने इतर अवयवांत काय होईल, याचा हिशोब आधी द्यायला हवा.

कार्यकारण

औदुंबर आणि स्पंदनवेध, सविस्तर उत्तरांबद्दल आभार. खिडकीच्या लांबीचा मुद्दा मला पटला. तंतू आणि फुगवटा यांना लक्ष्य करणाऱ्या उपचारांची तुलना सायक्लोस्पोरिनशी करणे योग्य नव्हे, हे मान्य करतो. स्पंजाबद्दलचा आक्षेप मात्र कायम ठेवतो.

निरभ्र

सर्वांचे आभार. वडिलांची औषधे नियमित सुरू आहेत. शेवटचा एक प्रश्न: यकृत हे रेणू अडवून ठेवते असे औदुंबर यांनी लिहिले. मग अँजिओप्लास्टीच्या वेळी कॅथेटर थेट करोनरी धमनीत असतोच, तर त्यातूनच औषध का देत नाहीत?

स्पंदनवेध

निरभ्र, हा प्रश्न संशोधकांनीही विचारला आहे आणि त्याचे एक स्पष्ट उत्तर डुकरांवरील प्रयोगातून मिळाले आहे. मिर-९२ए हे नव्या रक्तवाहिन्या फुटण्याला आळा घालते. २००९ मध्ये उंदरांमध्ये ते रोखल्यावर झटक्यानंतरचा रक्तपुरवठा सुधारला होता. २०१३ मध्ये डुकरांच्या हृदयाचा रक्तपुरवठा काही काळ थांबवून पुन्हा सुरू करताना मिर-९२ए रोखणारा रेणू दोन प्रकारे देऊन पाहिला गेला. कॅथेटरमधून थेट हृदयाच्या त्या भागात दिला तेव्हा मृत भागाचा आकार घटला आणि हृदयाचे काम सुधारले. शिरेतून दिला तेव्हा तो लाभ मिळाला नाही.

तरीही कॅथेटरचा मार्ग प्रत्येक रेणूला लागू पडत नाही. रोखणारा रेणू पेशीत शिरला, की मायक्रोआरएनएने दाबून ठेवलेली प्रथिने नव्याने तयार होण्यास वेळ लागतो, त्यामुळे रक्तप्रवाह सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांतला धक्का त्याने टळत नाही. पुढच्या तासांतला आणि दिवसांतला पेशीमृत्यू टळू शकतो. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील पेशींना लक्ष्य करणारा मिर-९२ए चा विरोधक कॅथेटरमधून देण्यास सोयीचा आहे, कारण रक्तातून आलेला रेणू सर्वप्रथम त्याच पेशींना भेटतो. मिर-२१ च्या विरोधकाला मात्र त्या दिवशी देऊन चालणार नाही, कारण सूक्ष्मदर्शी यांनी लिहिल्याप्रमाणे त्या वेळी स्नायूपेशींना मिर-२१ हवे असते. तो काही दिवसांनी द्यावा लागेल, आणि तोवर रुग्णाचा कॅथेटर काढलेला असेल. म्हणजे त्याच्यासाठी एकतर पुन्हा धमनीत जावे लागेल, नाहीतर शिरेतून दिल्यावरही फायब्रोब्लास्टपर्यंत पोचेल असा वाहक शोधावा लागेल. दुसऱ्या पर्यायावर, विशेषतः मेदाच्या सूक्ष्म कणांवर, आज बरेच काम सुरू आहे.